साधी पोपटी

डिसेंबर सरत आला की कर्जत-खालापुरातल्या घराघराला मुंबईच्या नातेवाइकांचा मोहोर येतो. "वहिनी, उगाच घाट घालू नका हं, साधी पोपटी लावा!" साधी म्हणजे बांधावरचा भांबुर्ड्याचा पाला खुडायचा, वालाच्या शेंगा निवडायच्या, जाडं मीठ, ओवा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी मडक्यात थरावर थर भरायची, मडकं उपडं घालून पेंढा पेटवायचा. पाणी नाही, तेल नाही. म्हणून पाहुण्यांच्या हिशेबी कष्टही नाहीत. दादा फक्त काडी ओढतात आणि 'आमच्या हातची पोपटी' म्हणून वाहवा घेतात. वहिनी तोवर तांदळाच्या भाकऱ्या थापतात, कारण पोपटीने फोटो भरतात, पोटं नाही. बाराच्या ठोक्याला सगळे नव्या वर्षाचे संकल्प सोडतात. भांडी घासण्याचा मात्र अजून कोणाला सुचलेला नाही.