जुना थिंकपॅड कसा निवडावा: होतकरूंसाठी सहा पायऱ्या

पायरी १. आपल्याला फक्त टायपिंग, ईमेल आणि मुलीचे ऑनलाइन क्लास एवढंच करायचं आहे, हे वहीत लिहून ठेवा. या खरेदीतला हा शेवटचा शहाणा विचार. पुढे तो कुणीही विचारात घेणार नाही, तुम्हीसुद्धा.

पायरी २. एखाद्या जाणकार मित्राला विचारा. तो म्हणेल, "थिंकपॅड घे." १९९२ साली आयबीएमने काढलेलं हे नाव २००५ पासून लेनोवोकडे आहे. 'कोणता?' असं मात्र विचारू नका.

पायरी ३. विचारलंत? मग पंथ निवडा. टी४२० (२०११) वाले सात ओळींच्या कीबोर्डचे उपासक. टी४३० मध्ये (२०१२) ओळी सहा झाल्या, त्याचं सुतक त्यांच्याकडे अजून फिटलेलं नाही. काही जण टी४३० ला कानस मारून जुना कीबोर्ड बसवतात आणि वर 'सोपं काम आहे' म्हणतात. टी४४० ने कीबोर्डमधल्या लाल टिकलीची (ट्रॅकपॉइंटची) वेगळी बटणं गिळली. एवढी बोंब झाली की टी४५० मध्ये (२०१५) ती गुपचूप परत आली. तुम्ही नुसती मान डोलवा.

पायरी ४. चर्चा रंगात आली की हळूच विंडोज ११ चं नाव काढा. त्याला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणजे वरचे सगळे पंथ एका दमात बाद. मित्र "लिनक्स टाक" म्हणेल. त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

पायरी ५. आता टी४८० (२०१८) वर या. रॅमचे दोन स्लॉट, एक बॅटरी आत आणि एक बाहेर; बाहेरची तर मशीन चालू असतानाही बदलता येते. पुढच्या टी४९० ने वजन उतरवलं आणि त्या भरात बाहेरची बॅटरी व रॅमचा एक स्लॉट गमावला. पण टी४८० सातव्या पिढीचा प्रोसेसर घालूनही विकला गेलाय. आय५ च्या पुढचा आकडा ८ ने सुरू होतो ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

पायरी ६. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा. दुकानदार म्हणेल, "कॉर्पोरेट पीस आहे, साहेब, एकदम मख्खन." मख्खन बाजूला ठेवा आणि बॅटरी रिपोर्ट काढून मूळ व आजची क्षमता ताडून पाहा. बिजागर हलवा, प्रत्येक की दाबा, पांढरा पडदा लावून डाग शोधा, यूएसबी-सी ने चार्जिंग होतंय का बघा. थंडरबोल्टचं फर्मवेअर अपडेट केलंय का, हेही विचारा. जुन्या फर्मवेअरने या मॉडेलचे पोर्ट बिघडू शकतात. 'टेस्टिंग वॉरंटी' किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या.

निकाल: आठव्या पिढीचा टी४८० घ्या. पण मशीन तुमच्यासमोर बंद करून पुन्हा चालू करायला लावा. बायोसने पासवर्ड मागितला, तर पाकीट खिशात ठेवून पुढच्या दुकानात जा.