गुलाबी छताची मीमांसा

नवी मुंबईतील शाश्वत इलेक्ट्रिक वाहतूक केंद्राचा, म्हणजे जेथे बस, रिक्षा आणि मोटारी एकाच आवारात चार्ज होतात व प्रवासी एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढतात अशा वास्तूचा, अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की ही वास्तू वरून पाहायची असते. वरून तिचे छत पंख पसरलेल्या फ्लेमिंगोसारखे दिसते. खालून ते पत्र्यासारखे दिसते. परंतु खालून पाहणाऱ्यांना सादरीकरणाचे निमंत्रण नसते.

फ्लेमिंगोच का, असे या शहरात कोणी विचारत नाही. चौकात, भिंतींवर, पुलांच्या खांबांवर तो आधीच उभा आहे, आणि ठाणे खाडी २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्यामुळे त्याला कागदोपत्रीही मान आहे. या पक्ष्याला गुलाबी रंग खाडीतल्या शैवालातून मिळतो, छताला तो निविदेतून मिळतो, आणि खरा पेच येथेच सुरू होतो. कारण सौर पॅनेल गुलाबी नसते. एका किलोवॉटच्या पॅनेलला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज निघते; म्हणजे ५०० चौरस मीटरचे सरळसोट छत पूर्ण झाकले तरी दिवसाकाठी २०० युनिट हाती येतात, आणि १२ मीटर लांबीच्या एका बसची बॅटरी तेवढे एकटीच पिऊन टाकते. परंतु पूर्ण झाकले तर फ्लेमिंगोचा कावळा होतो. यावर तोड निघाली ती पक्षिशास्त्रातून: फ्लेमिंगोच्या पंखांची टोकाची पिसे काळी असतात, म्हणून पॅनेले तेवढ्याच पिसांवर बसवावीत. पॅनेलांनी दक्षिणेकडे तोंड करून, येथील अक्षांशाइतके म्हणजे सुमारे १९ अंश कललेले असावे, हा नियम सूर्याने घालून दिलेला आहे. पण पक्षी पूर्व-पश्चिम पंख पसरून बसला असेल तर सूर्यानेच थोडे समजून घ्यायला हवे. उरलेली वीज मग नेहमीच्या तारेतून येते, जिच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा कोळसाच जळत असतो.

आता छताची उंची. पंखांना डौल हवा म्हणून ते चांगले तीन मजले उंच नेलेले असते, आणि त्यासाठी लागणारे पोलाद टनांनी मोजावे लागते. एक टन पोलाद तयार होताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ज्याला अंतर्भूत कार्बन, म्हणजे वास्तू वापरात येण्याआधीच तिच्या नावावर चढलेला धूर, असे म्हणतात. हा धूर केंद्राच्या माहितीपुस्तिकेत नसतो. उंचीचा दुसरा हिशेब पावसाचा: कोकणपट्टीतला पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यावर स्वार होऊन तिरका येतो, हे येथील शेंबडे पोरही जाणते. तीन मजले उंच छताखाली असा पाऊस आल्यागेल्यासारखा फिरतो. शिवाय पंख वर उचललेले असल्यामुळे छताच्या कडा उंच आणि मध्य खोल झालेला असतो, ज्यायोगे वळचणीचे पाणी आढ्याला नेण्याचा जो पराक्रम मराठी माणसाने आजवर केवळ म्हणीपुरता अशक्य मानला होता, तो येथे निविदेतील अटींनुसार सिद्ध होतो. आढ्याला जमलेले ते पाणी पक्ष्याच्या मानेतून, म्हणजे एका सुबक नळातून, खाली यावे अशी योजना असते. ती मान पहिल्या पावसातच पालापाचोळ्याने तुंबते आणि सगळा प्रपात नेमका चार्जरच्या रांगेवर कोसळतो. चार्जरचे काही बिघडत नाही. त्याच्यावर आयपी ५५ असा आकडा असतो, ज्यातील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो, आणि दुसरा ५ म्हणजे कोणत्याही दिशेने आलेल्या झोताला ते यंत्र दाद देत नाही. याचा अर्थ छताची गरज यंत्राला नव्हतीच; ती होती एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चार्जिंगची गन धरून उभ्या असलेल्या रिक्षाचालकाला, आणि त्याला असा आकडा अद्याप कोणी दिलेला नाही. खरा फ्लेमिंगोही पावसाळ्याच्या तोंडावर खाडी सोडून निघून जातो, इतकी अक्कल त्याला आहे. मागे राहतो तो त्याचा आकार, आणि त्याखाली माणूस.

आणि हे सारे कोठे घडते, तर जेथल्या दिवाळे-सारसोळ्यासारख्या आगरी-कोळी गावांत पडवी म्हणजे काय हे कोणाला शिकवावे लागले नाही. उतरते कौलारू छप्पर, माणसाच्या डोक्याला लागेल इतकी खाली आणलेली वळचण, दारात पागोळ्या आणि आत कोरडी जमीन: शाश्वत म्हणावे असे याहून फारसे काही नाही, पण त्याचे ड्रोनने छायाचित्र चांगले येत नाही. अशा केंद्राच्या जागी आधी बहुधा चार-सहा पर्जन्यवृक्ष असतात. ते ‘बाधित’ ठरतात, तोडले जातात, त्यांच्या जागी कुंडीत पाम लावले जातात आणि वास्तूला हिरवे प्रमाणपत्र मिळते. हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. एप्रिलच्या उन्हात बस चार्ज होईतो तासभर ताटकळणाऱ्या चालकाला एक बाक, एक पंखा, प्यायला पाणी आणि अंगावर सावली देता येत नसेल, तर त्या वास्तूला पर्यावरणस्नेही म्हणणाऱ्यांनी त्या तासाभरासाठी स्वतः तेथे उभे राहावे, तेही सुटाबुटात, फीत कापायला येतात तसे.

न्यायासाठी एवढे नमूद करायला हवे की आवारात एक छत निर्दोष असते. ते स्वच्छतागृहाचे. त्यावर साधा स्लॅब असतो, बुटका, चारही बाजूंना छज्जा काढलेला, कोठेही न गळणारा; ते कोणत्याच पक्ष्यासारखे दिसत नसल्यामुळे त्यात कोणी लक्ष घातलेले नसते. चालक त्या छज्ज्याखाली अंग चोरून उभे राहतात, कारण स्वच्छतागृहाला कुलूप असते. कुलपाशेजारी क्यूआर कोड लावलेला असतो. तो स्कॅन केला की अ‍ॅप उतरते, ओटीपी येतो, वाहनाचा क्रमांक भरावा लागतो, आणि किल्लीची मागणी नोंदवण्यापूर्वी बॅटरी किती टक्के भरली आहे ते सांगावे लागते. ८० टक्क्यांच्या खाली विनंती स्वीकारली जात नाही.