७०० अक्षरांत बसवलेला गणपती

मे महिन्यात रात्री साडेअकराला न्यू जर्सीतल्या एडिसनहून भाचीचा व्हिडिओ कॉल. छातीत धस्स झालं. तर ती विचारते, "मामा, मसालेभात वाढणं याला जरा भारदस्त इंग्रजी शब्द सांग ना."

तिच्या चिरंजीवांना डॉक्टर व्हायचंय. आपल्याकडे त्यासाठी 'नीट' पुरते. ७२० गुण, आणि देवाधर्माचा संबंध परीक्षेच्या सकाळी हातावर पडणाऱ्या दहीसाखरेपुरता. नीटवाला मुलगा दोन वर्षं सोसायटीच्या आरतीलाही खाली उतरत नाही आणि त्याचंच सगळ्यांना कौतुक. तिकडचं गणित वेगळं. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांना जो सामाईक अर्ज जातो, त्यात एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण तर हवेतच, वर आजवर काय काय केलंत याच्या १५ नोंदींना जागा. नोंदीला ७०० अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. त्यातल्या तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडल्या की प्रत्येकीला आणखी १३२५ अक्षरं मिळतात.

पोराने काम केलंय, हे आधीच सांगतो. आठवीपासून महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत शाळेच्या जिममध्ये सतरंज्या अंथरल्या, चपला सांभाळल्या, पंक्ती वाढल्या, आणि सगळे फोटो काढून घरी गेल्यावर फरशीही पुसली. पण तासावर फी घेणाऱ्या सल्लागार बाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "छान आहे, फक्त देव थोडा कमी करा." देव कोण हे समजावण्यातच शंभरेक अक्षरं खर्ची पडतात. शिवाय आपल्याच माणसांना आपणच वाढायचं, ही सेवा की घरचं कार्य, अशी शंका वाचणाऱ्याला येऊ शकते. तेव्हा श्रद्धा नको, केलेलं काम सांगा.

मग भाषांतर सुरू झालं. मसालेभाताचं 'स्थलांतरित समाजातील ज्येष्ठांसाठी पोषण-समन्वय' झालं. चपलांचं 'गर्दीच्या वेळी मालमत्तेचं व्यवस्थापन'. मोदक संपल्यावर रांगेतल्या काकूंना ते सांगणं, ही नोंद बाईंना भलतीच आवडली. 'वाईट बातमी सहानुभूतीने देणे' हे तर डॉक्टरी शिक्षणातच येतं! तिसऱ्या मसुद्यात आरती गेली, चौथ्यात मूर्ती गेली. उरला तो 'बहुपिढीय सांस्कृतिक उपक्रम'. एवढं झटपट विसर्जन आमच्या पुण्यात लक्ष्मी रोडवर कधी झालेलं नाही.

युटाहमधल्या मॉर्मन मुलांचं बरं असतं म्हणे. दोन वर्षं धर्मप्रचाराला गेलेला मुलगा बऱ्याचदा परकी भाषा शिकून येतो, आणि तोंडावर दार आपटलं तरी हसत उभं राहायची त्याला सवय होते. प्रवेशाच्या मुलाखतीसाठी यापेक्षा चांगली तालीम कुठली? पण त्यालाही सांगतात, किती जणांचा बाप्तिस्मा केलास ते लिहू नकोस. पंढरपुरात झाडू मारून देवळात न जाणारे गाडगेबाबा सल्लागार बाईंचे लाडके विद्यार्थी ठरले असते. अडकले असते ते एकाच ठिकाणी, तासांच्या रकान्यात.

हा रकाना मोठा कडक. किती तास, कुठून कुठवर, आणि खात्री करून घ्यायला संपर्काची व्यक्ती कोण. भाचीने जुनी व्हॉट्सअ‍ॅप चॅटं उपसून तास जुळवले. आरतीचे धरायचे का, यावर नवरा-बायकोत वाद झाला. शेवटी टाळ वाजवले तेवढे धरले, नुसत्या टाळ्या सोडल्या. संपर्काला मंडळाचे अध्यक्ष. त्यांची मुलगी पुढच्या वर्षी हाच अर्ज भरणार असल्यामुळे फोनवर ते फार प्रेमाने बोलतात.

अर्ज जूनमध्ये जातो आणि गणपती येतात भाद्रपदात. पण त्यावाचून अडत नाही. पुढे व्हायच्या सेवेचे तासही आधी लिहायची सोय आहे. चिरंजीवांनी यंदाच्या उत्सवाचे ४० लिहिले. पुण्य आगाऊ जमा करून घेणारा असा चित्रगुप्त आमच्या पुराणांत नाही.

परवा भाचीचा पुन्हा कॉल, या वेळी पेढे हातात. मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, नेमकं मखर उभारायच्या शुक्रवारचं. चिरंजीवांनी अपराधी चेहऱ्याने अध्यक्षांना फोन लावला.

"तू निवांत जा रे," अध्यक्ष म्हणाले, "तास मी बघतो."