प्रतिपालक काकू

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची, म्हणजे स्वतःच्या घरी राहणे शक्य नसलेल्या मुलाला बाल कल्याण समितीच्या आदेशाने ठरावीक काळ दुसऱ्या कुटुंबात वाढवण्याची, तरतूद आहे. ही तरतूद समितीला तोंडपाठ असते आणि सोसायटीच्या कानावरूनही गेलेली नसते. त्यामुळे प्रतिपालक काकूंचे निम्मे आयुष्य लिफ्टमध्ये खुलासे करण्यात जाते. दत्तक घेतलेले मूल कायमचे आपले होते, येथे मात्र मुलाचे आईवडील असू शकतात आणि परिस्थिती सुधारली की मूल त्यांच्याकडे परत जावे हेच अभिप्रेत असते, इतके सांगून होईपर्यंत चौथा मजला येतो आणि शेजारीण समाधानाने म्हणते, "म्हणजे पेइंग गेस्टच की!" मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी महिना ४,००० रुपयांचे साहाय्य असल्याचे कळताच ही शेजारीण मनातल्या मनात बाराने गुणाकार करते, मात्र पंधरा वर्षांचा मुलगा एका बैठकीला किती पोळ्या खातो, हे त्या हिशेबात धरलेले नसते.

काकूंची पूर्वतयारी दांडगी असते, फक्त ती चुकीच्या वयाची असते. बालवाडीतील धाकटा आणि दुसरीतील थोरली यांच्यावर सिद्ध झालेली सारी शस्त्रे, म्हणजे "मी पाचपर्यंत मोजीन", "एक घास चिऊचा" आणि बाबांना सांगण्याची धमकी, नुकतीच मिसरूड फुटलेल्या या मुलापुढे निकामी ठरतात. त्यातून तो त्रास देईल तर शपथ. तो आपले ताट आपण विसळतो, फ्रिज उघडण्यापूर्वी विचारतो, भाजी कशी झाली म्हटले की "चालेल, काकू" म्हणतो, आणि शेवटची पोळी भूक असूनही डब्यात ठेवून उठतो. असा सद्गुणी मुलगा पाहून नातेवाईक धन्य होतात आणि काकूंची झोप उडते, कारण घरचे मूल इतके नीट कधीच वागत नाही, हे त्यांना पोटच्या दोघांनी पुरेपूर शिकवलेले असते.

समितीला ज्या कामासाठी गृहभेट, अहवाल आणि आदेश लागतात, ते काम धाकटा एका दुपारीत उरकतो. त्याने "दादा" म्हणून त्या मुलाच्या पाठीवर बैठक मारलेली असते आणि त्याच्या चार्जरची वायर ट्रेनला जोडलेली असते. "दादाला आई नाही का?" या प्रश्नाला काकू अनेक दिवस मनात घोळवलेले उत्तर देतात, की दादाची आई गावी आहे, आजारी आहे आणि बरी झाली की दादा तिच्याकडे जाईल; त्यावर धाकटा, आपणही दादाबरोबर जाणार आणि येताना ट्रेन आणणार नाही, असे जाहीर करून मोकळा होतो. काकू त्या रात्री मुलाच्या कपाटातील कपडे विनाकारण पुन्हा घड्या घालून ठेवतात, हेही या नमुन्याचे एक लक्षण म्हणून नोंदवले पाहिजे.

अशा कुटुंबांची दरमहा पाहणी व्हावी, असे कायदा सांगतो. पाहणीच्या दिवशी सोफ्याखालून हरवलेले मोजे निघतात, पोहे होतात, मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून बसतो आणि धाकट्याला गप्प राहण्यासाठी बिस्किटाची लाच दिली जाते. बिस्किट संपते. "काल दादानी दार आपटलं," तो पाहुण्यांना सांगतो, "आणि आई बाबांना म्हणाली, आपटलं बाई एकदाचं!" पाहणीसाठी आलेली व्यक्ती कागदावर पेन टेकवते, मुलगा छताकडे बघतो, आणि काकू पोह्यांची दुसरी बशी पुढे करीत, ही बाब तक्रारींच्या नव्हे तर प्रगतीच्या रकान्यात घ्यावी, अशी रीतसर विनंती करतात.