पात्रांना अपात्र कसे करावे

(तळवडे, चिखली, देहू आणि त्रिवेणीनगर परिसरात दर गुरुवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ भरवणाऱ्या मास्तरांसाठी सूचना. गुरुवार अशासाठी, की त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी. लाइट असेलच असे नाही, पण ड्रॅगनला मेणबत्ती चालते.)

आधी व्याख्या. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो, ते काय करते हे तोंडाने सांगतो आणि अडले तिथे वीस बाजूंचा फासा टाकतो. बाकी सगळे जग, म्हणजे राजा, चोर, पाऊस, ड्रॅगन, मास्तरच्या ताब्यात. आपल्या कोकणातल्या दशावताराच्या जवळचे प्रकरण : आख्यान ठरलेले, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचतील तसे. एवढी सत्ता हाती आल्यावर समोरच्या चार पात्रांना कसे वागवावे, हे पुढे दिले आहे.

१. भरती. प्रत्येकाकडून पात्राचा पूर्वेतिहास लेखी मागवावा. आमच्यातला एक जण चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे. त्याने रात्रपाळीत, डाय बदलेपर्यंतच्या फुरसतीत, प्रॉडक्शन रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदांवर दोन पाने लिहून आणली. कागदाला ऑइलचा वास. त्याच्या पात्राला धाकटी बहीण आहे, ती जत्रेत हरवली आहे, वगैरे. असले कागद वाचू नयेत. वाचलेच, तर पहिल्याच डावात बहिणीला मारून टाकावे.

२. मार्ग. गोष्ट घरूनच लिहून आणावी आणि पात्रांना तिच्याबाहेर जाऊ देऊ नये. डावीकडे निघाली, तर पूल वाहून गेलेला. उजवीकडे, तर दरड कोसळलेली. मागे फिरली, तर संध्याकाळी सहाचा तळवडे चौक. इंग्रजीत याला रेलरोडिंग म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, ‘वरून ऑर्डर आहे.’

३. मृत्यू. गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे भुयार रचले ते चांगल्या चांगल्या पात्रांचा माज उतरवायला. १९७५ साली ते स्पर्धेत खेळले गेले. स्पर्धा होती, मरायच्या तयारीनेच लोक बसले होते, हा तपशील सोयीने विसरावा. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेल्या पात्राला जीव वाचवायला फासे टाकता येतात. तीन यशे आधी आली तर तगले, तीन अपयशे आली तर गेले. इतके लाड कशाला? कंत्राटी कामगाराला ब्रेक देतानासुद्धा कोणी तीनदा विचारत नाही.

४. फासा. मास्तरने आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकावा आणि आकडा मनाला येईल तो सांगावा. एक खबरदारी : खेळाडूंत क्वालिटीवाली नसावी. आमच्याकडे आहे. तिचे पात्र तीनदा ओळीने घायाळ झाले, तेव्हा तिने पुठ्ठ्यामागे हात घालून माझा फासा उचलला, पर्समधून व्हर्निअर काढला आणि समोरासमोरच्या बाजू मोजायला घेतल्या. दहा जोड्या, दहा रीडिंग. ‘मास्तर, पॉइंट दोनचा फरक आहे.’ फाशाला लाल टॅग लागला. तेव्हापासून मी तिच्या फाशाने, सगळ्यांसमोर टाकतो.

५. शेवट. तो मास्तरनेच ठरवावा. मी ठरवला होता. मोहीम होती चाकणच्या संग्रामदुर्गाची, साल १६६०. शाइस्ताखानाचा वेढा, आत फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसे. सुमारे ५५ दिवस किल्ला झुंजला, मग सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला पडला. हे पात्रांनी तक्रार न करता सोसले. पुढचा भाग मी मोगली छावणीत लिहून ठेवला होता, म्हणून जाहीर केले, ‘खानाने तुम्हाला चाकरी देऊ केली आणि तुम्ही ती घेतली.’

प्रेस शॉपवाला हातातली पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, ‘किल्ला पडू द्या, मास्तर. तो पडणार हे ठाऊकच होतं. पण चाकरी मी घेतली, हे तुम्ही कसं सांगता?’

मी नियमांचे पुस्तक चाळले. त्यात उत्तर नव्हते, इतिहासात होते. खानाने फिरंगोजीलाही चाकरी देऊ केली होती. त्याने ती नाकारली, शिवाजी महाराजांकडे परतला आणि पुढे भूपाळगडाचा किल्लेदार झाला. किल्ला खानाने घेतला. नाही म्हणायचे की हो, तेवढे फिरंगोजीकडे राहिले.

आणि हा समोरचा माणूस. शिफ्ट कोणती, डाय कुठली, जेवायची सुट्टी कधी, सहा दिवस दुसरेच कोणी ठरवते. सातव्या दिवशी दुचाकीवर धूळ खात इथे येतो, आणि इथेही मीच ठरवणार होतो.

शुद्धिपत्रक : कलम २ ते ५ मध्ये जिथे जिथे ‘मास्तरने ठरवावे’ असा अर्थ निघतो, तिथे तिथे ‘मग तू काय करतोस?’ असे वाचावे. विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. कलम १ मधली बहीण जिवंत आहे. ती कुठे आहे ते पुढच्या गुरुवारी, लाइट असो वा नसो.