दूधगंगेपलीकडची स्कूटर

बेळगाव आपलंच आहे, हे मी बालवाडीपासून ऐकत आलोय. आता बायकोची तिथे बदली झाली आणि कळलं, की बेळगाव आपलं असलं तरी आमची स्कूटर बेळगावची नाही.

कोल्हापूर ते बेळगाव अंतर ते काय, ११० किलोमीटर. इथे मिसळ खाऊन निघालेला माणूस तिथे पोचतो तेव्हा कटाची ढेकर अजून येत असते. गडचिरोलीहून कोल्हापूरला बदली झाली असती तर सामान दोन दिवस रस्त्यात असतं, पण गाडीचा कर पुन्हा भरा म्हणून कुणी सांगितलं नसतं. इथे कागल मागे पडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला आणि कोगनोळीचा नाका लागला, की स्कूटर परदेशी. तिच्यावर बसलेला मी मात्र भाषणापुरता स्वदेशीच.

नियम असा. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथला नंबर घ्यायचा. त्यासाठी आधी इकडची ना हरकत, म्हणजे नमुना २८. तिकडे गेल्यावर नमुना २७. मग कर्नाटकाचा आजीवन कर, गाडीचं वय बघून. आणि मग उरलेल्या वर्षांचा महाराष्ट्राचा कर परत द्या म्हणून पुन्हा इकडे अर्ज. म्हणजे गाडी एकदाच जाणार, तिच्या कागदांसाठी मी मात्र शटल बससारखा फिरणार.

नमुना २८ वर चासी नंबरचा पेन्सिलचा ठसा लागतो. ही गोष्ट मला माहीतच नव्हती. आमच्या मेकॅनिकनं स्कूटर आडवी केली, स्क्रू ड्रायव्हरनं सहा पावसाळ्यांचा चिखल खरवडला, नंबरावर पातळ कागद ठेवला आणि आमच्या लेकीची चित्रकलेची पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासत गेला. एकेक आकडा काळ्यातून पांढरा उमटायला लागला. लहानपणी रुपयाच्या नाण्याचा ठसा काढायचो, तस्सा. उपग्रहावरून गाड्या शोधणाऱ्या देशात माझ्या स्कूटरची ओळख शेवटी एचबी पेन्सिलवर टिकून आहे. मेकॅनिक म्हणाला, "चार कॉपी काढून ठिवतो, साहेब. एक त्यांनी हरवायची धरा." अनुभवी माणूस.

१९८६ साली छगन भुजबळ वेष पालटून बेळगावात शिरले होते, ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून रंगवून सांगितली जाते. माणसाला ते जमतं. स्कूटरला दाढी लावून नेता येत नाही, तिच्या पाठीवर 'एमएच ०९' लिहिलेलं असतं आणि आम्ही कोल्हापूरकरांनी ते जरा मोठ्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

२०२१ साली 'बीएच' मालिका निघाली. एकच नंबर, सगळा भारत. पण ती सरकारी नोकरांना, नाहीतर ज्यांच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं आहेत त्यांना. बायको बँकेत, तिला चालेल. स्कूटर माझ्या नावावर. आणि सदरलेखकाचं कार्यालय म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. त्याची दुसरी शाखा गॅलरीत आहे, तिसरी अजून उघडायची आहे.

सामानाचे तीन अंदाज मागवले. पहिला सूट घालून आला, टॅबवर सगळं मोजलं, सोफ्याला 'थ्री सीटर युनिट' म्हणाला आणि आकडा असा सांगितला की बायकोनं तिथल्या तिथे सोफा विकायचं ठरवलं. दुसऱ्यानं घर न बघताच व्हॉट्सअ‍ॅपवर दर पाठवला, शेवटी हात जोडलेली बाहुली. तिसरा आमच्याच भागातला, स्वतःचा टेम्पो असलेला. त्यानं वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला : गाडीभाडं, हमाली, बांधणी, आणि खाली 'बॉर्डर चार्ज'.

"हा कसला?"

"बॉर्डर हाय न्हवं साहेब. मग चार्ज नको?"

मीही थोडा अभ्यास केला होता. जकात गेली, २०१७ साली जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाकेही गेले. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. मग हा चार्ज कुणाचा? तो शांतपणे म्हणाला, "आमचा." मग समजावून सांगितलं : त्याच्या रोजच्या टेम्पोचं परमिट राज्यापुरतं आहे, नॅशनल परमिटची गाडी दुसऱ्याकडून घ्यावी लागणार, आणि परत येताना भाडं मिळालं नाही तर रिकामी आणावी लागणार. यात तथ्य होतं. नव्हतं ते एवढंच, की निपाणीपर्यंत सोडलं तरी हाच चार्ज का आणि हुबळीला सोडलं तरी हाच का. सीमावादाचं असंच असतं, दर ठरलेला असतो, अंतर कुणी मोजत नाही.

त्याचा एक म्हातारा हमाल घर बघायला आला होता. फ्रीजला हात लावून "उभाच न्ह्यायचा" म्हणाला. पुस्तकांच्या खोक्यांकडे बघून "रद्दी इथंच इकून जावा की" म्हणाला. ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. मागच्या पडवीत आला आणि थांबला. तिथे आईचा पाटा-वरवंटा. आणि शेजारी बंब.

"ह्ये कुठं न्ह्यायलाय?"

"बेळगावला."

"तिथं दगूड मिळत न्हाईत व्हय?"

आई आतून म्हणाली, "मिळतात. पण हा टाकी लावलेला आहे." गेल्या पंचवीस वर्षांत त्या पाट्यावर काही वाटलेलं मला आठवत नाही. वाटप मिक्सरमध्ये होतं. पण पाट्याला टाकी लावणारा माणूस तेवढ्या वर्षांत दोनदा येऊन गेला, याला मी साक्षीदार आहे. तह झाला तो असा : पाटा जाणार, बंब धाकट्या भावाकडे जाणार, माझी खोकी सातांवरून चारवर.

मुहूर्ताचं वेगळंच. आईनं कालनिर्णय काढलं, मीही माझी डायरी काढली, आणि दोघं समोरासमोर बसलो. पितृपक्ष संपलाय, दिवाळीत घर हलवायचं नाही, इथपर्यंत तिचं. पुढचं माझं : १ नोव्हेंबर नको. १९५६ साली त्या दिवशी राज्यांची फेररचना झाली, त्यामुळे तो तिथे सरकारी राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस, दोन्ही एकाच रस्त्यावर. डिसेंबर नको, कर्नाटकाचं विधिमंडळ अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येतं आणि दोन्हीकडचे पुढारी सीमेवर हवापालटाला येतात. १७ जानेवारी नको, हुतात्मा दिन. वातावरण तापलं की आधी बस बंद होतात, तेव्हा आपली पातेली कोगनोळीला अडकायला नकोत.

"मग तुझ्या पंचांगात चांगला दिवस आहे तरी का?" आई म्हणाली.

शेवटी तुळशीच्या लग्नानंतरचा बुधवार ठरला. तुळस बरोबर न्यायची आहे. लग्न इथेच लावायचं, म्हणजे आईच्या मते ती सासरी चालली असं होईल, परराज्यात नाही. परिवहन खात्याला ही वाट अजून सापडलेली नाही.

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२ पासून फुकट, तेव्हापासून ती घरात कमी आणि स्टँडवर जास्त असते. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. बायकोची अर्ध्या तिकिटाची सवलतही तिथपर्यंतच. पलीकडे कर्नाटकाची 'शक्ती' योजना, २०२३ पासून सगळ्या वयाच्या बायकांना साध्या बसमध्ये पूर्ण फुकट, पण ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता हवा, आणि प्रवास राज्याच्या आतला हवा. आईनं हे सगळं एकदा ऐकलं आणि ज्या वेगानं तोडगा काढला तो वेग सीमाप्रश्नात सर्वोच्च न्यायालयात दिसला असता तर हे सदर लिहायची वेळ आली नसती. ती म्हणाली, "एसटीनं निपाणीपर्यंत यायचं, कोगनोळी ते निपाणी एवढंच तिकीट काढायचं, तिथून त्यांची गाडी." मी म्हटलं, त्यासाठी आधारवरचा पत्ता तिकडचा करावा लागेल. ती जरा वेळ गप्प बसली. मग हळूच, "दोन आधार मिळत नाहीत का रे?"

बायकोनंही आपला तक्ता केलाय. इकडे लाडकी बहीण १५०० रुपये, तिकडे गृहलक्ष्मी २०००. तक्त्याखाली शेरा : नवरा आयकर भरतो, सबब दोन्हीकडे अपात्र. नवऱ्याचा काहीतरी तोटा असतो हे तिला माहीत होतंच, आता दोन राज्यांच्या शासननिर्णयांनी ते सिद्ध झालं. विजेचं मात्र जमेल. महावितरण सुटेल, हेस्कॉम लागेल. गृहज्योतीत २०० युनिटांपर्यंत सवलत आहे, भाडेकरूलाही. पण त्या मीटरवरच्या आधीच्या वापराची सरासरी बघतात. आधीचा भाडेकरू काटकसरी असेल तर त्याच्या पापाची फळं आम्ही भोगायची.

लेकीच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागणार, त्यावर वेगळा लेख होईल. ती स्वतः निवांत आहे. मोबाइलवर बघून ओंदु, एरडु, मूरु शिकली आणि परवा जेवताना आजीला म्हणाली, "आजी, तूप हा शब्द कानडी आहे. तुप्पा." आईनं वरणावर धार धरली होती, ती क्षणभर थांबली. "अण्णा आणि अक्कापण," लेक म्हणाली. गेली सत्तर वर्षं जी भाषा वाढून घेतोय तिच्याविरुद्ध घोषणाही आपण देत होतो, हे पचायला आईला पूर्ण वाटीभर तूप लागलं.

गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, शेगडी आपली. म्हणजे शेवटचे तीन दिवस घरात शेगडी असेल आणि जाळ नसेल. त्यावर उपाय म्हणून जयसिंगपूरचं भडंग दोन किलो आणून ठेवलंय. त्यातलं एक किलो हे सदर लिहीपर्यंत संपलं.

घर टिळकवाडीत मिळालंय. मालक निवृत्त शिक्षक, मराठी, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. पु.लं.चे रावसाहेब बेळगावचेच होते, हे त्या आवाजावरून लगेच पटतं. भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत उरकलं, पुढची वीस मिनिटं सीमाप्रश्न. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तो त्यांना पानांसकट पाठ. महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांपैकी साठ-सत्तरांची नावं त्यांनी मला फोनवर म्हणून दाखवली. दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालतात. "घर तुमचंच हाय ओ, कवाबी या," म्हणाले. "पार्किंगला जागा हाय. माझी गाडी एका बाजूला लावतो."

तुमच्या गाडीचा नंबर कुठला, असं मी सहज विचारलं.

"केए २२," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच आवाज जरा खाली आला. "काय करता."

मग मी माझं रडगाणं लावलं. नमुना २८, पेन्सिलचा ठसा, दुहेरी कर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बारा म्हैने मुदत हाय न्हवं?"

"आहे."

"मग गडबड कशाला करता? महाराष्ट्रानं दावा घातलाय सुप्रीम कोर्टात, २००४ ला. ह्या बारा म्हैन्यांत निकाल लागला तर तुमचे टॅक्सचे पैसे वाचले की."