अण्णांच्या पद्मिनीचा डबा

वहिनी, नळ आले का तुमच्याकडे? आमच्याकडे धार बारीकच आहे अजून. टाकी भरतेय तोवर सांगते, काल अण्णांची पद्मिनी चालू झाली! हो, तीच ती, क्रांती चौकात बंद पडून जालना रोड तुंबवणारी. आणि चालू कुणी केली, ते विचारा.

अहो, सगळा मे महिना हेच चाललं होतं. घरातून निघताना गाडी ठणठणीत. गुलमंडीला जाऊन परत येताना मात्र महाराजांच्या पुतळ्याजवळ सिग्नलला थांबली की संपलं. मागून बसवाला हॉर्न मारतोय, पोलीस शिट्टी वाजवतोय, अण्णा आत घामाघूम. काकूंनी काय करावं? पिशव्या उचलल्या, रिक्षा केली आणि सरळ घरी! दोन दिवस अबोला होता दोघांत, तुमच्या कानावर आलंच असेल म्हणा.

मेकॅनिकचं एकच पालुपद, “अण्णा, कुछ नै, पेट्रोल उड रा गर्मी से.” तसा तो खोटं बोलत नव्हता. त्या इंजिनात कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा पाइप एकाच अंगाला, त्यात आपला उन्हाळा. पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता हवा ओढत बसतो. जुने टॅक्सीवाले त्यावर पंपावर ओला फडका टाकायचे. अण्णाही टाकायचे. बॉनेट उघडायचं, फडका टाकायचा, थोडं थांबायचं, की गाडी चालू. सगळी गल्ली म्हणणार, बघा, फडक्यानं काम केलं. पण बाई, बॉनेट उघडं असताना बाकीचं सामानही गार होतंच ना? श्रेय मात्र फडक्यालाच.

शेवटी आमच्या धाकट्यानं खरं काय ते पाहिलं. परवा गाडी नेमकी आपल्या फाटकासमोरच बंद पडली. त्यानं प्लगची वायर काढली, तिला जुना प्लग लावला, तो इंजिनाच्या लोखंडावर टेकवून ठेवला आणि अण्णांना स्टार्टर मारायला सांगितलं. हात दूर ठेव रे बाबा, म्हणून मी ओरडतेय. त्या वायरीत वीसेक हजार व्होल्ट असतात. ठिणगी नाहीच! ठिणगीच नाही म्हटल्यावर पेट्रोलला दोष देऊन काय उपयोग? कॉइलपर्यंत बारा व्होल्ट येत होते. राहिला तो डबा.

कुठला म्हणजे? इग्निशनचा. पद्मिनीला मुळात पॉइंट. कॉइलचा तीन-चार अँपिअरचा करंट ते दोन चिमुकले पॉइंट सारखे तोडतात-जोडतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरलं तर सेकंदाला १०० ठिणग्या, म्हणजे पॉइंट जळणारच. अण्णांनी मागे कधीतरी हौसेनं बाजारातला डबा बसवून घेतला. आता पॉइंट नुसती खूण करतात, जड करंट आतला ट्रान्झिस्टर तोडतो. आणि अण्णांना यावर बोलतं केलंत तर गेलात! सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून सुरुवात. १९४४ ला प्रीमियर काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग फियाट आली. पुढे त्याच क्रायस्लरनं १९७३ ला अमेरिकेत आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं, आणि आपण इकडे पॉइंट घासतोय. हे सगळं काकूंना तोंडपाठ झालंय.

मेकॅनिक म्हणाला, डबा फेका, दोन वायरी बदलून परत पॉइंटवर घ्या. सल्ला चांगला होता, मीही तेच केलं असतं. पण अण्णा हट्टी. मग मी म्हटलं, आणा इकडे, उघडून तर बघू.

हसता काय वहिनी! लग्नाआधी मी चितेगावला व्हिडिओकॉनमध्ये टीव्हीच्या बोर्डांना सोल्डरिंग करत होते. डोळे अधू झालेत, पण हात विसरत नाही. आधी मुलीचा हेअर ड्रायर घेतला. इंजिन चालू ठेवलं आणि गरम हवा फक्त डब्यावर सोडली. थोड्या वेळानं इंजिन ठसकलं आणि बंद! डब्याला वरून गार पाण्यातून पिळलेलं फडकं लावलं, तर पुन्हा चालू. अण्णांचा चेहरा बघायचा होता तुम्ही.

मागच्या स्टिकरखाली स्क्रू सापडले. आतल्या बोर्डाला भिंग लावलं तर ट्रान्झिस्टरच्या एका पायाभोवती सोल्डरला बांगडीसारखी गोल चीर. गार असताना टेकलेली, तापली की सुटणारी. वरून गाडीचे हादरे. जुनं सोल्डर ओढून काढलं, पाय खरवडला, नवं भरलं. ट्रान्झिस्टरखालची पांढरी पेस्ट वाळून खडू झाली होती, मग उष्णता बाहेर जाणार कशी? अभ्रकाची चकती पुसून परत ठेवली, ती विसरली तर सगळं शॉर्ट. मोंढा नाक्यावरून नवी पेस्ट मागवली. अर्थिंगचा स्क्रू गंजला होता, तो पॉलिश पेपरनं घासला. आणि डबा रेडिएटरजवळून काढून बॅटरीच्या बाजूला लावायला सांगितला.

आता खरं कारण सांगते, पण काकूंपाशी बोलू नका. अण्णा चौकात कुणी भेटलं की इंजिन बंद करतात आणि पुन्हा किल्ली चालू करून गप्पा मारत बसतात, पंखा लागतो म्हणून. त्या वेळी पॉइंट मिटलेले असले की करंट सारखा कॉइलमधून जातो, आणि ट्रान्झिस्टर बसल्या जागी भाजतो. अशानं डबा जाईल नाहीतर काय?

ह्या गावानं २०१० मध्ये एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटी मोजून! त्यांतल्या किती आज रस्त्यावर दिसतात कुणास ठाऊक. अण्णांची मात्र काल चिकलठाण्यापर्यंत जाऊन आली, भर दुपारी, एसी नाही काही नाही.

आणि ऐका, मेकॅनिकनं आज आणखी दोन डबे पाठवलेत, “भाभी, जरा देख लेना.” एक घेतला ठेवून. दुसरा काळ्या राळेत गच्च बुडवलेला. तो परत पाठवला. राळ कोरायला गेलं की बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅकच उखडून येतात.